पोटॅशचं बुडालेलं जहाज

जहाज हा शब्द मी पहिल्यांदा खताच्या ठोक व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकला आणि तेव्हापासून तो मला खोटाच वाटत आला. मृग जवळ आला की आम्ही उमरखेडचे दुकानदार त्याला फोन लावायचो. तो म्हणायचा, "ताई, जहाजच लागलं नाही." कधी जहाज लागलेलं असायचं, पण माल आणायला रेल्वेची रॅक मिळालेली नसायची. कधी जहाज वाटेत असायचं. मी फोन ठेवते न ठेवते तोच बाजारातल्या दुसऱ्या कुणाच्या गोदामापुढे त्याच पोटॅशचा ट्रक उभा राहायचा. समुद्र मी पाहिलेला नव्हता. तो जहाज म्हणाला की मी काय दुर्बीण घेऊन बघणार होते? आमच्या घरात कुणी थाप मारली की आम्ही म्हणायचो, "याचं जहाज वाटेत आहे."

त्याच वर्षांत माझ्या मुलीला एक स्थळ आलं. मुलाच्या कागदावर नोकरीच्या पुढे लिहिलं होतं: समुद्रात बुडालेल्या मालवाहू जहाजावर, बारमाही.

मी कागद घडी करून गल्ल्याखाली ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला फवारणीचं औषध दिलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं. कॅमेरेवाले गाड्या भरून यायचे, रस्त्याच्या कडेला उभं राहून बोलायचे आणि उजेड असेपर्यंत परत जायचे. माझ्या बियाण्याच्या दुकानात त्या वर्षांचा अर्थ वेगळा होता. माणसं पाकीट हुंगून पाहायला लागली होती. शिक्का खरवडून पाहायची. दुकानदाराच्या तोंडाकडे टक लावून पाहायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. एका वर्षी एक गोड बोलणारा माणूस नव्या कंपनीची पाकिटं घेऊन आला. पाकिटावर लिंबाएवढं बोंड, चारी पाकळ्या फुटलेलं, पांढरंशुभ्र. मी ती पाकिटं विकली. उगवलं ते निम्मंही नव्हतं. लोकांनी दुबार पेरणी केली. ती कंपनी पुन्हा दिसली नाही, आणि फोन लावला की लागायचा नाही. महागावकडची एक बाई रिकामं पाकीट घेऊन दुकानात आली, काउंटरवर ठेवलं, त्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हे बोंड मले कोठी दिसंन, तेवढं सांग." ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी प्रत्येक लॉटची उगवण स्वतः तपासते. पेटीच्या मधलं एक पाकीट काढायचं. विकणाऱ्यानं हातात दिलेलं पाकीट कधीच घ्यायचं नाही, ते चांगलंच असतं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या पोत्यावर दहा ओळींत मांडायचे, गुंडाळी करून माठामागे ठेवायची. चौथ्या दिवशी उघडायची. मग बोलायचं. त्याआधी कंपनीचा साहेब कितीही बोलला तरी आपण चहा पाजायचा आणि गप्प बसायचं.

तर अशा माझ्यापुढे तो कागद आणि त्याला टाचलेला फोटो. निळं पाणी, मागे काळपट भिंतीसारखं काहीतरी, पुढे एक माणूस. डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, तोंडात नळी, पाठीवर टाकी. चेहरा इंचभरसुद्धा दिसत नव्हता.

"हा कोनीबी असू शकते," मी म्हटलं.

माझे यजमान शाळामास्तर. माणसावर विश्वास ठेवणं हा त्यांचा जुना आजार. ते म्हणाले, "अगं, पाण्याखालचा फोटो हाय. पाण्याखाली तोंड कसं दिसंन?"

"तेच म्हणून राह्यली मी. तोंड न दाखवता फोटो काढायची ही चांगली जागा सापडली त्याले."

मुलगी नांदेडला दवाखान्यात नर्स होती. हा मुलगा फुलसावंगीचा. त्याच्या वडलांचं हर्नियाचं ऑपरेशन तिच्या वॉर्डात झालं, तेव्हा तो आठ दिवस तिथे होता. स्थळ मुलाच्या मामानं रीतसर आणलं असलं तरी मूळ तिथे होतं, हे मला कळायला वेळ लागला नाही.

"आई, त्यानं आठ दिवस बापाचं भांडं स्वतः धुतलं," ती म्हणाली. "आयाले हात लावू देल्ला नाही."

"आठ दिवस कोनीबी चांगलं राह्यते."

ती चिडली नाही. माझीच मुलगी. ती म्हणाली, "तू नाही म्हटलं तर मी नाही म्हनीन. पन पाहून नाही म्हन. गल्ल्याजवळ बसून नको म्हनू."

हे तिनं मला बरोबर पकडलं होतं. न पाहता विकलं ही माझी एक चूक होती. न पाहता नाकारलं ही दुसरी झाली असती.

फुलसावंगीला मी एसटीनं गेले, न कळवता. आमच्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते. आधी गाव, मग गल्ली, मग घर. मी बसस्टँडजवळच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसले, कारण विहिरीवरच्या मोटारी जिथे येतात तिथे सगळ्या शेतांच्या बातम्या येतात. दुकानवाले म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता बोलणारे.

"बाप का काम एकदम साफ हाय," ते म्हणाले. "मोटर विहिरीत पडली का लोक त्यालेच बोलावते. गळ टाकत नाही, दोर लावत नाही. एक दम भरला का खाली. पाच हॉर्सची मोटर बांधून वर येते. एक नट कमी निघाला त मले सांगजो."

"आन पोरगा?"

"पोरगा वेल्डर. दर्याकडं गेला बा."

स्टुलावर आपली मोटर घेऊन बसलेला एक माणूस मध्येच हसला. "दर्यात कायचं वेल्डिंग, चाचा? जहाज बुडालं हाय तठी. त्याचं लोखंड, पितळ काढून इकते म्हन्ते ते पोट्टे. भंगार. बाप इहिरीतून काढून मालकाले देते, पोरगा समुद्रातून काढून सोताच ठेवते."

"तूने देखा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी कायले पाहू? लोक म्हन्ते."

लोक म्हणतात त्याला मी किंमत देत नाही, पण लोक म्हणतात ते विसरतही नाही. मी त्या घरी गेले. दोन खोल्या, अंगण सारवलेलं, दोरीवर धुतलेली पोती वाळत. मुलाची आई तांब्या-पेला घेऊन आली. मी म्हटलं, आत्ताच पिऊन आले. ती नुसती हसली आणि पेला माझ्याजवळ ठेवून दिला. तिला कळलं. आमच्यात स्थळ पाहायला गेलेलं माणूस पसंती सांगेपर्यंत त्या घरचं पाणी घेत नाही. पाणी घेतलं म्हणजे बोलणं संपलं, मग मागे फिरता येत नाही. ऊन रणरणत असलं तरी माणसं कोरड्या घशानं दोन-दोन तास बसतात आणि समोरचे पेल्याकडे बघत राहतात.

घर ठीक होतं. आईही ठीक होती. पण माझी मुलगी त्या घरात राहणार नव्हती, ती त्या जहाजाच्या भरवशावर राहणार होती. मी यजमानांना सांगितलं, दिवाळीच्या सुटीत समुद्रावर जायचं.

"चला, याचं जहाज खरंच वाटेत आहे," ते म्हणाले. त्यांना विनोद क्वचित जमतो.

नांदेडहून रेल्वेनं, मग दुसऱ्या रेल्वेनं, मग दोन बसनं आम्ही त्या किनाऱ्यावरच्या गावी पोचलो. मी ठरवलं होतं की आपण कोण ते सांगायचं नाही. पुण्याहून आलेले पर्यटक. यजमानांना मी नीट बजावलं की तोंड कमीत कमी उघडा, कारण त्यांच्या तोंडातून 'मले' निघाल्याशिवाय राहत नाही.

समुद्र पाहून मला काय वाटलं हे लोक विचारतात. मला वाटलं, एवढ्या पाण्यात एक जहाज बुडालं तर कोण शोधणार, आणि नाही बुडालं तर कोण सांगणार.

वाळूवर पत्र्याची शेड होती, पर्यटकांना बुडालेलं जहाज दाखवायला पाण्याखाली नेणाऱ्यांची. बाहेर टाक्या ओळीनं उभ्या, दोरीवर रबरी कपडे वाळत. तो तिथे होता. मामानं दाखवलेल्या शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोवरून मी त्याला ओळखलं. बुटका, उन्हानं कोळशासारखा झालेला, हात मात्र वेल्डरचे, ठिपक्या-ठिपक्यांनी भाजलेले. आमच्याआधी एका कंपनीतली पाच-सहा पोरं आली होती, हसत-खिदळत. तो प्रत्येकाला एकच विचारत होता, सर्दी आहे का. सगळे नाही म्हणाले. एकाचा आवाज त्याला खटकला. त्यानं त्याला नाक दाबून कानात हवा भरायला लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला आज नेता येणार नाही. कान फुटेल." तो पोरगा ऐकेना. मित्र ऐकेनात. शेडचा मालक आतून बाहेर आला, म्हणाला, सगळा ग्रुप परत जाईल. हा पोरगा म्हणाला, जाऊ द्या. ग्रुप काही परत गेला नाही, तो एकजण मात्र चिडून नारळवाल्याकडे जाऊन बसला. मालकाचं तोंड दिवसभर फुगलेलं राहिलं.

मी हे बघितलं आणि मनात बाजूला ठेवलं.

मग माझा सहीचा कागद आला. छापील, दोन पानी. हृदयविकार नाही, दमा नाही, आणि काही झालं तर कुणी जबाबदार नाही. बियाण्याच्या पाकिटाच्या मागेसुद्धा बारीक अक्षरात हेच लिहिलेलं असतं. मी दोन्ही पानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तो उभा राहिला, घाई केली नाही. म्हणाला, "काय समजलं नाही तर विचारा, मॅडम." मी चार प्रश्न विचारले. त्यानं चारही उत्तरं दिली. मालक म्हणाला, इतकं कोणी वाचत नाही.

बोटीत चढताना माझा पाय एका पिशवीवर पडला. जाड कापडाची ओली पिशवी, दिसायला लहान, पण सरकेना. मी सहज म्हणून हातानं दाबून पाहिली. आत धातूचे जड ठोकळे. मी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी समुद्राकडे पाहिलं. स्टुलावरचा तो माणूस मला आठवला.

वर ऊन तापत होतं. बोट किनाऱ्यापासून अर्धा तास आत जाते. त्यानं सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या. मी म्हटलं, नको. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, खाली जायच्या आधी घसा ओला पाहिजे. मी म्हटलं, तहान नाही. माझे ओठ सुकून चिकटले होते. यजमानांनी बाटलीकडे हात केला, मी त्यांच्या कोपराला हात लावला, हात मागे गेला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडून पुढे धरली. मी मान हलवली. त्यानं झाकण लावलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, यजमानांकडे पाहिलं, आणि बाटली परत पिशवीत ठेवली.

जहाजाच्या जागी पाण्यावर नुसतं एक पिवळं पिंप तरंगत होतं, खाली दोर गेलेला. दुसरं काही नाही. तेवढ्याच आधारावर आम्ही इतक्या लांब आलो होतो.

त्यानं ती जड पिशवी उघडली. शिशाचे ठोकळे. एका पट्ट्यात ओवून त्यानं माझ्या कमरेला बांधले. "याच्याशिवाय माणूस बुडत नाही," तो म्हणाला. चोरीचा माल माझ्याच कमरेला आला, आणि मला एक शंका खोडावी लागली. मला ते आवडलं नाही. शंका खोडताना मला नेहमी वाटतं की काहीतरी हातचं जातंय.

लोकांना खाली नेणारे आणखी दोघे होते, पण त्यानं मला स्वतः घेतलं. आधी बोटीजवळच, डोकं पाण्यात घालून, नळीतून श्वास घ्यायचा सराव. नाकानं नाही, तोंडानं. नाक दाबून कान मोकळे करायचे. अंगठा वर म्हणजे 'छान' असं नाही, अंगठा वर म्हणजे 'वर चला'. मी पैनगंगेच्या काठावर वाढलेली, पोहता येत होतं, पण पोहायचं सोडून पंचवीस वर्षं झाली होती. माझ्या सलवारीवर त्यांचा रबरी अंगरखा होता. यजमान बोटीत माझ्या चपला मांडीवर घेऊन बसले होते.

दोराला धरून खाली गेलो. पाणी आधी हिरवं, मग धुरकट. दहा-बारा फुटांवर कान दुखला, मी खूण केली, तो थांबला, पुन्हा वर घेतलं, पुन्हा सावकाश खाली. त्याचा हात माझ्या टाकीला धरलेला होता, एकदाही सुटला नाही. आणि मग ते दिसलं. आधी वाटलं की जमीनच आली. तो पत्रा होता. गोदामाच्या छपरासारखा, लांबच लांब, एका बाजूला कललेला. त्यावर शिंपल्यांची खरबरीत साल, आणि मासे, आपल्याच आवारात फिरावं तसे. तो माझ्या दुकानापेक्षा मोठा होता, आमच्या गल्लीपेक्षा मोठा होता. म्हणजे जहाज होतं. एवढं एक तरी खरं होतं.

तो मला कठड्याच्या कडेनं नेत होता. एके ठिकाणी पत्र्याला चौकोनी भोक होतं. आपोआप पडलेलं नव्हतं. कडा सरळ, गॅसनं कापतात तशी. मी थांबले. हाच तो धंदा. मी हात लांब करून कडेवरून बोट फिरवलं. ताजं कापलेलं लोखंड गुळगुळीत आणि चकचकीत असतं, आमच्या गावच्या वर्कशॉपमध्ये कुणीही सांगेल. या कडेवर बोट फिरेना. शिंपले एकावर एक चिकटलेले, जुनी खरूज असावी तसे. कापून बरीच वर्षं झाली होती. त्यानं माझं बोट पाहिलं. काही खूण केली नाही.

भोकातून आत अंधार आणि गाळ. मी अजून जरा वाकले, आणि तिथे एका लोखंडी पट्टीला अडकलेली पांढरी चिंधी हलत होती. मी ती धरली. ओढली तर तिच्या पट्ट्या सुटायला लागल्या, उभ्या आणि आडव्या, बोटभरही नाही अशा चपट्या. हा विणकामाचा पोत मला कुणी दाखवायची गरज नव्हती. रोज पन्नास वेळा मी तो हाताळते. खताच्या बॅगची गोणी. आमच्याकडे हिची चुंगडी, म्हणजे पोती करतात, त्यांतून दळण नेतात, दाराला पडदा लावतात.

मी तिथे, तीस फूट पाण्याखाली, तोंडातली नळी विसरून काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. बहुतेक ठोक व्यापाऱ्याला शिवी दिली असेल. नळी तोंडातून निघाली.

खारट पाणी घशात गेलं. मी हातपाय झाडले. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मुलगी आठवली वगैरे काही नाही. फक्त एवढं आठवतं की एक हात माझ्या टाकीवर होताच, आणि दुसरा हात माझ्या तोंडाशी आला. त्यानं माझी नळी शोधण्यात वेळ घालवला नाही. त्याच्याच टाकीला दुसरी पिवळी नळी असते, ती त्यानं माझ्या दातांत दिली, मागचं बटण दाबलं, पाणी बाहेर गेलं, हवा आली. मी ओढली. पुन्हा ओढली. तो माझ्या चष्म्यापुढे स्वतःचा चष्मा आणून, बोटं मोजल्यासारखी हलवत राहिला. घे, सोड. घे, सोड. मी घेत आणि सोडत राहिले, त्याच्या टाकीतली. मग अंगठा वर करून विचारलं. मी अंगठा वर केला. आम्ही दोर धरून, थांबत थांबत वर आलो.

बोटीत चढल्यावर मी पहिली खोकले, मग मुठीत पाहिलं. चिंधीच्या दोन पट्ट्या होत्या.

"मावशी," तो म्हणाला, आणि आता त्याची बोली बदलली होती, "आता तरी पानी घ्या. घसा खारट झाला असंन."

मी चिंधी मुठीत दाबली. "कवापासून ओळखलं?"

"तुमी तिसऱ्या खेपेले नाई म्हटलं तवा. पुन्याचे लोक बोटीत बसले का दोन बाटल्या मांगते. अशा उन्हात कोरड्या घशानं कोन बसते, मावशी? आपल्याच अथल्या पोरीची माय."

यजमान हसले. मी हसले नाही, कारण माझा सगळा डाव बिघडला होता. नमुना पेटीच्या मधून काढायचा असतो. विकणाऱ्याला कळलं की हे तपासणीला जाणार आहे, तर तो निवडून देतो. हा तिसऱ्या बाटलीपासून जे वागला ते सगळं मला दाखवायला वागला असेल. टाकीवरचा हात, सावकाश खाली नेणं, सगळं. मी तसं तोंडावर म्हटलं. "म्हंजे खाली जे केलं ते मले दाखवाले केलं."

त्यानं विचार केला. खोटं रागावला नाही. "असू शकते," तो म्हणाला. "पन नळी त तुमीच सोडली."

हे खरं होतं. मी बोटीच्या कठड्याला टेकून एकेक दाणा वेगळा केला. चिंधी मीच शोधली, त्यानं दाखवली नव्हती. भोकाची कड मीच चाचपली. आणि सकाळी, तिसऱ्या बाटलीच्या कितीतरी आधी, त्यानं एका धडधाकट पोराला सर्दीसाठी परत पाठवलं होतं, मालक समोर उभा असताना. तेव्हा त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. तो नमुना पेटीच्या मधला होता.

"ते भोक कोनं पाडलं?"

"तेल काढाले. जहाज बुडालं तवा सरकारनं ठेका देल्ला, त्यात मी वेल्डर म्हून आलतो. पाण्याखाली कापाचं शिकलो, मंग राह्यलो अथीच."

"आन माल काय होता?"

"पोटॅश. बॅगा. सगळं विरघळून गेलं म्हन्ते."

मी मूठ उघडली. त्यानं त्या पट्ट्या पाहिल्या. इतकी वर्षं मी ज्या जहाजाला खोटं म्हणत होते त्यातलं एक तरी खरंच बुडालं होतं. व्यापारी बाकी वेळी खोटंच बोलत होता, यात मला आजही शंका नाही.

एक दाणा उरला होता. "कागदावर बारमाही लिवलं हाय. पावसाळ्यात या समुद्रात बोट जाते?"

तो बोटीतला दोर गुंडाळायला लागला. बोटीतला त्याचा जोडीदार कोकणी माणूस होता, तो हसून म्हणाला, "पावसात इथे काळा कुत्रा येत नाही, बाई."

"जूनपासून बंद राह्यते," तो शेवटी म्हणाला. "चार-साडेचार महिने. मी गावी येतो. बाबासंगं कापसाची पराटी लावतो, मोटरी काढतो. बारमाही मामानं लिवलं. म्हने, हंगामी लिवलं त कोन पोरगी देते."

"आन तू लिवू देल्लं."

"हो."

हे पाकिटावरचं बोंड होतं. लहान होतं, पण होतं. पोरगं चांगलं आणि कागद खोटा. आमच्या धंद्यात याचं उलटं मी पुष्कळ पाहिलंय, असं कमी. आणि हा ज्या महिन्यांत समुद्रावर नसेल त्या महिन्यांतही माझी मुलगी नांदेडला नोकरी करेल, हेही मी तिथेच मोजलं. तिचा पगार बारमाही होता.

यजमान माझ्या चपला पुढे ठेवत हळूच म्हणाले, "पानी नाई घेतलं, पन त्याची हवा घेऊन आली की तू."

"हवेचं आपल्या लोकांनी काही ठरवलेलं नाही," मी म्हटलं.

बोट किनाऱ्याकडे वळली. मी त्याला म्हटलं, कागद आहे का. त्याच्याकडे सकाळच्या छापील कागदाची एक कोरी प्रत होती, बोटीच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये. तिच्या पाठीवर मी त्याला लिहायला लावलं, मामाच्या नाही, स्वतःच्या अक्षरात. नाव, गाव, शिक्षण. नोकरी: समुद्रात बुडालेल्या जहाजावर, पाऊस संपला की मे अखेरपर्यंत. बाकीचे महिने: फुलसावंगी, शेती आणि विहिरीतल्या मोटारी. बोट हलत होती, अक्षर वाकडं आलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं. एका ठिकाणी त्यानं 'शेती' खोडून 'वडलांची शेती' केलं होतं. ते मी सांगितलेलं नव्हतं.

मग मी त्याच्याकडून बाटली घेतली. पाणी उन्हानं कोमट झालेलं होतं. निम्मी पिऊन मी ती यजमानांना दिली.